पूर आला तर मिलिटरी बोलवायची की गावातली पोरं? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२५ च्या सप्टेंबरात सीना नदी करमाळा, माढा, मोहोळपासून दक्षिण सोलापूरपर्यंत शेताशेतांतून फिरली. पाणी कधीच ओसरलं, पण पारावरची चर्चा अजून त्याच गाठीवर अडकली आहे. एक जण म्हणतो, "मिलिटरी दोन दिवस आधी आणली असती तर जनावरं वाचली असती." दुसरा लगेच उसळतो, "कसली मिलिटरी? आमच्या पोरांनीच काढली की माणसं!" दोघंही खरं बोलतात आणि दोघंही अर्धंच बोलतात.

मी सरकारी माणूस नाही. सीनाकाठच्या एका गावात आठ दिवस चिखल उपसला आणि त्यानंतर मंडळांच्या, बचत गटांच्या बऱ्याच बैठकांना बसलो, एवढाच माझा अधिकार. तिथे पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

एका वाक्यात सांगा, लष्कर की स्वयंसेवक?

पहिले काही तास शेजारी, मग एनडीआरएफ (केंद्राचं आपत्ती दल), जिथे पूल टाकायचा किंवा हेलिकॉप्टर लागायचं तिथे लष्कर, आणि सगळे निघून गेल्यावर पुन्हा शेजारी.

माझ्या मते "कोण" यापेक्षा "कुणाच्या सांगण्यावरून" हा प्रश्न मोठा आहे. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर लाखो माणसं चालतात ती काय पोलिसांच्या दंडुक्याच्या धाकानं? प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, मुक्कामाची जागा ठरलेली असते. संध्याकाळी चोपदारानं चोप वर केला की एवढा मोठा समाज एका क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात, आणि ते ऐकून घेतलं जातं. आपल्याकडे पुराच्या वेळी माणसं भरपूर असतात, हौसही असते. चोपदार नसतो. म्हणून लष्कराची आठवण येते. आपल्याला खरं तर बंदूक नको असते, एक आवाज हवा असतो.

सरकार लष्कराला सरळ पाठवत का नाही? परवानगी कशाला लागते?

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा आहे. त्याप्रमाणे जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. जिल्ह्याची ताकद कमी पडली की जिल्हाधिकारी राज्याकडे मागणी करतात आणि तिथून ती लष्कराकडे जाते. लष्कर येतं ते मुलकी प्रशासनाच्या मदतीला. त्यांचा शिरस्ता असा की सगळ्यांच्या शेवटी यायचं आणि काम झालं की सगळ्यांच्या आधी निघायचं. सरहद्द सोडून गावोगावी छावण्या टाकून बसणं हे त्यांचं काम नव्हे, आणि नसलेलंच बरं.

नारिंगी कपड्यातले जवान येतात ते मिलिटरीवालेच ना?

नाही. ते एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल. ते संरक्षण खात्याकडे नाही, केंद्रीय गृह खात्याकडे येतं. सीआरपीएफ, बीएसएफ अशा दलांतून जवान घेऊन २००६ मध्ये आठ बटालियन उभ्या केल्या, आता सोळा आहेत. आपल्यासाठी येणारी पाचवी बटालियन पुण्याजवळ तळेगावच्या बाजूला सुदुंबरे इथे आहे. एका पथकात पंचेचाळीसच्या आसपास माणसं असतात. रबरी बोटी, काँक्रीट कापायची यंत्रं, श्वानपथक आणि वैद्यकीय माणसं त्यांच्यासोबतच असतात.

राज्याचं स्वतःचं दलही आहे, एसडीआरएफ. त्याचे मूळ तळ धुळे आणि नागपूर. नकाशा काढून बघा, सोलापूर कुठे आणि धुळे कुठे.

मग पुण्याहून यायला वेळ तो किती लागणार? चार-पाच तासांत येतील की.

रस्ता मोकळा असेल तर येतील. त्या सप्टेंबरात पुणे-सोलापूर महामार्ग लांबोटीजवळ बंद झाला, कारण सीनेचं पाणी पुलापाशी येऊन भिडलं. हीच ती चिवड्याची लांबोटी. एरवी गाड्या तिथे चिवडा घ्यायला थांबतात, त्या वेळी पाण्यानं थांबवल्या. पुण्याकडून येणारी तुकडी टेंभुर्णीला, माढ्याला, मोहोळला पोचू शकते. सोलापूर शहर, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर नदीच्या या अंगाला राहतात. म्हणजे ज्या पुराशी लढायला पथक निघालं, तोच पूर पथकाची वाट अडवतो.

त्यात सीना ही भीमेसारखी नाही. भीमेवर उजनी आहे. धरणातून किती क्युसेक सोडलं, निरेतून वीर धरणाचं किती आलं, नीरा नरसिंहपूरच्या संगमाखाली दोन्ही मिळून किती होणार, याचा हिशेब पंढरपूरला काही तास आधी मिळतो. सीना अहिल्यानगरकडून येते, वाटेत तिला ओढेनाले भेटतात, आणि वरचे प्रकल्प भरले की पाणी सरळ अंगावर येतं. अशा नदीकाठी पहिला माणूस वाचवणार तो गावातलाच. हे काही मी पोरांचं कौतुक म्हणून सांगत नाही, अंतर आणि वेळ मोजून सांगतोय.

मग लष्कराची गरजच काय?

गरज आहे, फक्त ती नेमकी कुठे आहे ते ओळखायला हवं. ३० जुलै २०२४ ला केरळात वायनाडमध्ये डोंगर कोसळला, चूरलमला इथला पूल वाहून गेला आणि पलीकडची गावं तुटली. लष्कराच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपनं १९० फूट लांबीचा बेली पूल (सुटे लोखंडी भाग जोडून उभारायचा) दोन दिवसांच्या आत उभा केला. त्या कामात पुढे होत्या मेजर सीता शेळके, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या. जेसीबी पलीकडे गेला तो त्या पुलावरून. हे काम कुठलं मंडळ, कुठली संघटना करणार? आपल्या जवळ पुण्यात खडकीला बॉम्बे सॅपर्स, म्हणजे लष्कराचेच इंजिनिअर जवान आहेत, त्यांचंही शिक्षण याच कामाचं.

पूल, हेलिकॉप्टर, फिरतं रुग्णालय, तुटलेला संपर्क जोडणं यासाठी लष्कर हवंच. छतावर अडकलेल्या म्हातारीला खांद्यावर घेऊन उतरवायला रेजिमेंट लागत नाही. ती कुठल्या खोलीत झोपते, तिला ऐकू कमी येतं, हे माहीत असलेला पुतण्या लागतो.

लष्कर आलं म्हणजे गाव त्यांच्या ताब्यात जातं का? संचारबंदी वगैरे?

हा प्रश्न सोलापुरातच जास्त विचारतात आणि त्याला कारण आहे. १९३० च्या मे महिन्यात या शहरानं मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा सोसला. पुढे १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी दिलं. चार हुतात्म्यांचे पुतळे रोज बघत मोठे झालेल्या माणसांच्या मनात "लष्कर रस्त्यावर" या शब्दांना वेगळा वास येणारच.

पण ती इंग्रज सरकारची राजवट होती आणि ही आजची मदत. पुरात आलेली तुकडी आपली शिस्त, आपला अधिकारी घेऊन येते, पण कुठल्या गावाला जायचं हे मुलकी प्रशासन सांगतं. कायदा-सुव्यवस्था पोलिसांकडेच राहते. उलट अडचण दिसते ती अशी की जवान आले की बाकीचे हात झटकतात. "आता ते बघतील" म्हणत स्थानिक अधिकारी आणि गावकरी दोघंही बाजूला उभे राहतात. जवानांना तर ओढा कुठला आणि रस्ता कुठला हेही माहीत नसतं. दोन फूट गढूळ पाण्याखाली विहीर कुठे आहे हे सैनिकाला कोण सांगणार?

आमची पोरं पट्टीची पोहणारी आहेत. उतरू द्यायला काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि यावर मी जरा सविस्तर बोलणार आहे.

विहिरीत सूर मारणं वेगळं आणि पुरात पोहणं वेगळं. पुराच्या पाण्यात तारेचं कुंपण असतं, ठिबकच्या नळ्या असतात, उसाचं पाचट पायात गुंततं, विजेचा खांब कलंडलेला असतो. पाणी गुडघाभर वाटतं आणि धार माणसाला उचलून नेते. ट्रॅक्टरची ट्यूब, थर्माकोलचा तराफा, गुळाची काहील, हे सगळं मी वापरताना पाहिलं आहे. त्यांनी माणसं वाचली हेही खरं. पण ती नशिबाची गोष्ट होती.

८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. बोट गावचीच, चालवणारे गावचेच, हेतू वाचवण्याचाच. बायका-मुलांसकट अनेक जण गेले. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. बसणारच, पाणी चढत असताना "तू पुढच्या खेपेला ये" असं शेजारणीला कोण सांगणार? तिथे गणवेशातला परका माणूस उपयोगी पडतो. त्याला "नाही" म्हणता येतं.

आपल्याकडचं उदाहरण पुराचं नाही, पण बोध तोच. २१ मे २०२४ ला उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात बुडाली. एक जण पोहून काठाला लागला, सहा जण गेले. नंतर शोधायला एनडीआरएफ आलं. त्या पाण्यावर रोजचा वावर असलेल्या भागात ही गत, तर एरवी कोरडी असलेल्या सीनेकाठच्या पोरांचं काय?

म्हणून नियम साधा ठेवा: लाइफ जॅकेट नसेल तर बोटीत पाय नाही. काठावरून दोर टाकता येत असेल तर पाण्यात उतरायचं नाही. एकट्यानं कधीच नाही. आणि दारू प्यालेला कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी त्याला घरी बसवा. हसू नका, बैठकीत हा मुद्दा बायकांनीच काढला होता.

मग सामान्य माणसांनी बोटी घेऊन लोक वाचवल्याचं उदाहरण नाहीच का?

आहे की. ऑगस्ट २०१८ च्या केरळच्या महापुरात समुद्रावरचे मच्छीमार आपल्या होड्या ट्रकवर चढवून आतल्या जिल्ह्यांत गेले आणि त्यांनी हजारो माणसं काढली. सरकारनंही त्यांना राज्याची स्वतःची सेना म्हटलं. पण ते स्वयंसेवक असले तरी नवखे नव्हते, पाणी हा त्यांचा धंदाच. आपल्याकडे असे हात आहेत: चंद्रभागेवर होड्या चालवणारे कोळी, उजनीकाठचे मच्छीमार. त्यांच्या याद्या तहसील कार्यालयात तयार असायला हव्यात, होडीच्या आकारासकट. कोल्हापूरची व्हाईट आर्मीसुद्धा नावानं आर्मी, माणसं मात्र स्वयंसेवक. सराव असला की हे जमतं.

किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी तर एवढे स्वयंसेवक गेले होते. मग त्यात वाईट काय झालं?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन आटोपून माणसं नुकती झोपली होती. सोलापुरातल्या त्या पिढीला विचारा, भांडी वाजली, झुंबरं हलली, सगळे अंगणात आले. किल्लारी आणि सास्तूर परिसरात जाड दगडी भिंतींची, वर मातीचा थर असलेली माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. मृतांचा आकडा दहा हजारांच्या घरात गेला.

ढिगारा पहिल्यांदा उपसला तो वाचलेल्या गावकऱ्यांनीच, हातांनी. सोलापुरातून डॉक्टर गेले, गाड्या गेल्या, भाकरी गेल्या. लष्कर आलं आणि प्रेतं काढण्याचं, त्यांना अग्नी देण्याचं काम जवानांनी केलं. ते काम गावकऱ्यांकडून होणं शक्यच नव्हतं, कारण प्रत्येक प्रेत कुणाचं तरी होतं. लष्कराची खरी गरज मला तिथे दिसते. दुःखात नसलेले हात लागतात.

वाईट झालं ते बघ्यांमुळे. "मदतीला आलोय" म्हणत आलेल्या गाड्यांनी रस्ते भरले, रुग्णवाहिका अडकल्या. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पावसात भिजत पडले. आणि याच गर्दीच्या शेजारी खरं स्वयंसेवी कामही चाललं होतं. भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. लष्कर असलं काम करत नाही आणि करूही नये. लष्कराचं काम आठवड्याभराचं, हे दहा-दहा वर्षांचं.

मदत म्हणून काय पाठवावं?

कपडे नकोत. मॅगी नको, तिला गरम पाणी कुठून आणणार?

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर घरातच आहे: कडक भाकरी आणि शेंगा चटणी. कितीतरी दिवस टिकते, चूल लागत नाही, भिजली नाही तर खराब होत नाही, आणि पूरग्रस्त माणसाला तोंडओळखीची असते. सोबत चादर, मेणबत्त्या, काडीपेटी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, लहान मुलांची दूध पावडर, सॅनिटरी पॅड, जनावरांसाठी वाळला चारा. चाऱ्याचं नाव यादीत शेवटी येतं, पण माणसं जनावर सोडून निघत नाहीत. शेतकरी गोठ्यापाशी बसून राहतो म्हणून बचाव पथकाची बोट दोनदा परत जाते, हे आम्ही पाहिलं आहे.

प्रशासन माझा ट्रॅक्टर किंवा होडी जबरदस्तीनं घेऊ शकतं का?

घेऊ शकतं. २००५ च्या कायद्याचं कलम ६५ बचावासाठी वाहन, जागा, साधनं ताब्यात घ्यायचा अधिकार देतं, आणि कलम ६६ मालकाला मोबदला द्यायला सांगतं. लेखी आदेश मागा, डिझेल किती गेलं ते लिहून ठेवा.

मदत करताना स्वयंसेवकाचा जीव गेला तर घरच्यांना काही मिळतं का?

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत मृताच्या वारसाला ४ लाख रुपये आहेत, आणि त्यात मदतकार्यात असताना मृत्यू झालेली व्यक्तीही धरलेली आहे. मृत्यूच्या कारणाचा दाखला मात्र लागतो. म्हणून आपण मदतीला आहोत याची कुठे तरी नोंद हवी. "आपणहून गेला होता" असं कागदावर आलं की घरच्यांचे हेलपाटे सुरू. सैनिकाच्या मागे त्याची रेजिमेंट उभी असते, आपल्या पोराच्या मागे निदान तलाठ्याच्या वहीतली एक ओळ तरी असू द्या.

बायकांनी यात काय करायचं? स्वयंपाकच ना?

हा प्रश्न एका सरपंचांनी विचारला आणि समोर बसलेल्या बायकांनीच त्यांना गप्प केलं. निवारा केंद्रात कोण आलं, कोण राहिलं, कोण गरोदर आहे, कुणाची बीपीची गोळी घरी राहिली, ही यादी बचत गटाच्या बायकांइतकी अचूक कुणीही देत नाही. आशाताई आणि अंगणवाडीताई ज्या गावात जाग्या, त्या गावात मोजदाद चुकत नाही.

व्हॉट्सॲपवर "धरण फुटलं" असा मेसेज आला तर पुढे पाठवायचा का?

नाही. खोटा इशारा देऊन घबराट पसरवणाऱ्याला आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, तिथे विचारा. तातडीला ११२.

दुष्काळात कधी मिलिटरी आलेली ऐकली नाही. तो आपत्ती नाही का?

आपत्तीच, आणि सोलापूरची सगळ्यात जुनी. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं अजून आहेत. पण दुष्काळ दबक्या पावलांनी येतो, त्याला ना हेलिकॉप्टर लागतं ना पूल. तिथे रोजगार हमी, टँकर, सांगोला-मंगळवेढ्याकडच्या चारा छावण्या आणि त्या चालवणाऱ्या संस्था लागतात. लष्कर की स्वयंसेवक हा वाद मुळात कॅमेऱ्यासमोर घडणाऱ्या आपत्तीपुरताच आहे, असं मला कधी कधी वाटतं.

जवान परत गेले. आता स्वयंसेवकांची गरज संपली ना?

आता सुरू झाली. घरात घोटाभर चिखल, विहिरीत मेलेलं वासरू, भिजलेलं रेशन कार्ड, सातबाऱ्यावर आहे पण रानातून खरडून गेलेली माती. विहीर उपसून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायची, गढूळ पाणी उकळून प्यायचं, चिखलात अनवाणी उतरायचं नाही, अडगळीत हात घालायच्या आधी काठीनं हलवायचं, कारण साप आणि विंचूही निवाऱ्यालाच आलेले असतात.

आणि पंचनामा. नुकसान भरपाईचं सगळं भवितव्य त्या कागदावर. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांच्या वाट्याला एकेका वेळी कितीतरी गावं येतात. शिकलेल्या चार पोरांनी गट क्रमांकाप्रमाणे फोटो काढून ठेवले, म्हाताऱ्यांची कागदपत्रं वाळवून फायलीत लावली, तर पाण्यात सूर मारण्यापेक्षा ते मोठं काम आहे. त्याचा व्हिडिओ होत नाही म्हणून कुणी पुढे येत नाही, एवढंच.

रीतसर शिकायचं असेल तर?

"आपदा मित्र" नावाची केंद्राची योजना आहे, तीत बारा दिवसांचं प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमा असतो. आपल्या तालुक्यात पुढची तुकडी कधी, हे जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात विचारा. होमगार्ड हाही रस्ता आहे. कॉलेजात असाल तर एनसीसी किंवा एनएसएस. मुलींनी मागे राहू नये.

गावानं बोट घेऊन ठेवावी का?

घ्यावी, पण आधी ती सांभाळणार कोण ते ठरवा. एका गावात वर्गणीतून आणलेली रबरी बोट ग्रामपंचायतीच्या खोलीत तीन पावसाळे गुंडाळून पडली होती. गरज पडली तेव्हा उंदरांनी खालची बाजू कुरतडलेली निघाली आणि पंप कुणाच्या तरी लग्नात फुगे फुगवायला गेला होता. बोट परवडत नसेल तर दोनशे फूट नायलॉनचा दोर, दहा लाइफ जॅकेट, दोन मोठ्या बॅटऱ्या आणि एक भोंगा, एवढं पुरे. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळं बाहेर काढून उन्हात ठेवा आणि किल्ली दोन घरी ठेवा, त्यातलं एक घर नदीपासून उंचावर असलेलं.